मशीन बदलण्याआधी जागा बदला

तीन दिवस कोरड्या ओढ्याच्या मधोमध वाळूवर सोनं शोधायला मेटल डिटेक्टर फिरवला, हाती खिळे आणि शिशाचे छर्रेच लागले, तर आता महागडं मशीन घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता घेऊ नका. तुमची जागा चुकतेय.

सोन्याची घनता 19.3, वाळूची साधारण 2.65. पुरात सगळा गाळ हलतो तेव्हा सोनं त्यातून खाली सरकत जातं, ते थेट कातळ किंवा घट्ट चिकणमाती लागेपर्यंत. वर तीन-चार फूट वाळू असेल तर गव्हाएवढा खडा कुठल्याच मशीनला ऐकू येणार नाही. म्हणून कातळ उघडा पडलाय किंवा वर वीतभरच गाळ आहे, अशी जागा शोधा. वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्याची खालच्या अंगाची सावली, आणि सगळ्यात आधी प्रवाहाला आडव्या गेलेल्या भेगा.

एकदा बोटभर रुंद भेगेवर मला नीट आवाज आलाच नाही, हेडफोनमधली गुणगुण जराशी चढली एवढंच. स्क्रूड्रायव्हरने गाळ उकरला, मुळं ओढून काढली, पुन्हा कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या टोकाची तबकडी, वरून नेली. आता दोन्ही बाजूंनी फिरवताना आवाज त्याच जागी येत होता. आणखी चार बोटं खाली काळी वाळू लागली आणि तिच्यात तांदळाएवढा खडा. भेग साफ न करता पुढे गेलो असतो तर तो तिथेच राहिला असता.

कॉइल लहान लावा, जमिनीला जवळजवळ टेकवून अगदी सावकाश फिरवा. माती बदलली की ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज दाबण्याची जुळणी, पुन्हा करा. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज गाळण्याची सोय, बंदच ठेवा. छर्रे आणि बारीक सोनं सारखेच वाजतात, त्यामुळे प्रत्येक आवाज खणावा लागतो, त्याला इलाज नाही. खिळ्यांसाठी कुदळीला चुंबक लावून घ्या. आणि छर्र्यांवर चिडू नका: वाळूवरचे सोडा, पण भेगेच्या तळाशी छर्रे मिळाले तर ती भेग जड वस्तू धरून ठेवते. तिथे तळ लागेपर्यंत थांबा.

जागामालकाची परवानगी घेतली असेलच. वरच्या अंगाला ढग दाटले तर मात्र सामान आवरून ताबडतोब काठावर या, कोरड्या ओढ्याला पाणी अचानक येतं.

तुमच्याकडच्या कातळाचे पापुद्रे उभे आहेत की आडवे, ते कळवा. उभे आणि प्रवाहाला आडवे असतील तर तुमच्या जागी मी असतो, तर पुढचे तीन दिवस तिथून हललो नसतो.