फॉर्मवरचा तो एक रकाना

प्रश्न : ताई, आम्ही दोघं परदेशातून मूल दत्तक घ्यायचं म्हणतोय. फॉर्म भरताना एका रकान्याशी अडलोय, कुठल्या वंशाचं मूल चालेल ते विचारलंय. नवरा म्हणतो सगळ्यांवर टिक कर, लेकरू ते लेकरू, आपण कुठे रंग बघतो. मी दोन दिवस पेन घेऊन नुसती बसलेय. मूल हवंय, खूप हवंय, पण आमच्यापेक्षा अगदीच वेगळं दिसणारं असलं तर लोक त्याला काय काय बोलतील आणि ते मला निभावता येईल का, हेच डोक्यात फिरतंय. सासूबाई म्हणाल्या, निदान आपल्यात खपून जाईल असं तरी घ्या. मला त्यांचा राग आला, पण रात्री वाटलं, मी तरी वेगळं काय म्हणतेय?

उत्तर : वेगळं म्हणताय हो. सासूबाईंना दत्तकपण लोकांना कळू नये असं वाटतंय आणि तुम्हाला मुलाला त्रास होऊ नये असं वाटतंय. दोन दिवस पेन अडलं ते बरंच झालं, उलट जे अर्ध्या मिनिटात सगळीकडे टिक करतात त्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

तुमच्या मिस्टरांचं मन चांगलं आहे, त्यात शंकाच नाही. पण तो रकाना मनाबद्दल नाहीये, घराबद्दल आहे. तुम्ही रंग बघणार नाही, पण शाळेतली पोरं बघतील, बसमधला माणूस बघेल, नातेवाईक तर बघतीलच. आणि मूल रडत घरी येऊन सांगेल की मला अमुक म्हणून चिडवलं, तेव्हा "अगं आम्ही कुठे रंग बघतो" असं म्हटलं ना, की त्याला एवढंच कळतं की या घरात हे बोलायची सोय नाही. मग ते पुढच्या वेळी सांगतच नाही. वाढलेले दत्तक लोक बोलायला लागले की प्रेम कमी पडलं असं फार कमी जण म्हणतात, मला एकट्यानंच सोसावं लागलं असं बरेच जण म्हणतात.

अजून एक, तुम्ही आत्ता तान्हं मूल डोळ्यांसमोर आणताय. तान्ह्याला सगळेच उचलून घेतात. पण तेच मूल पंधरा वर्षांचं होईल, दुकानात एकटं जाईल, तिथे आईबाप शेजारी नसतात आणि लोकांना दिसतो तो फक्त त्याचा चेहरा.

म्हणून एक कागद घ्या आणि गेल्या महिन्यात तुमच्या घरी जेवायला कोण कोण आलं त्यांची नावं लिहा, मग डॉक्टर, शिक्षक, शेजारी, जिवाभावाच्या मैत्रिणी, आणि मग बघा यातलं किती जण त्या मुलासारखे दिसतात. एकही नसेल तर ते मूल प्रत्येक खोलीत तसं एकटंच असणार. हे बदलता येतं, पण मुलानं नाही, तुम्ही बदलायचं. ओळखी आधीपासून वाढवायच्या, शाळा बघून घ्यायची, गरज पडली तर राहती जागा बदलायची. वर्षातून एकदा त्यांचा सण करून फोटो काढले म्हणजे झालं असं नसतं ते.

साधं केसांचं घ्या. माझ्या ओळखीतल्या एका आईनं घट्ट कुरळ्या केसांची मुलगी घेतली, आणि आपले विंचरतो तसे कोरडेच विंचरायला गेली, रोज सकाळी रडारड. मग तसेच केस असलेल्या एका बाईकडे जाऊन शिकली : केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर लावायचं, छोटे छोटे भाग करून मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडून सुरू करत मुळाकडे जायचं, निजताना सॅटिनची उशी. तास दीड तास लागतो. पण त्या मुलीला माझे केस म्हणजे कटकट असं वाटायचं थांबलं, आणि आईला एक मैत्रीण मिळाली ती वेगळीच.

कायद्यातही हे आहे बरं का. १९८९चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मुलाचा वंश, धर्म, संस्कृती, भाषा लक्षात घ्या असं सांगतो. १९९३चा आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार तर मुलाच्या मूळ देशावरच ही पार्श्वभूमी विचारात घ्यायची जबाबदारी टाकतो, आणि मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवा म्हणतो. ही माहिती फार मोलाची असते. दक्षिण कोरियातून कोरियन युद्धानंतरच्या दशकांत लाखाच्या वर मुलं परदेशात दत्तक गेली आणि २०२५मध्ये तिथल्या सरकारी सत्यशोधन आयोगानंच मान्य केलं की आईबाप जिवंत असलेल्या मुलांची अनाथ म्हणून कागदपत्रं केली गेली होती. त्यातली कित्येक मुलं आज आजी-आजोबा व्हायच्या वयाची, अजून आई शोधतायत. तेव्हा संस्थेला खोदून खोदून विचारा, कागद कुठून आले, कुणी सही केली, आईबापांना काय सांगितलं होतं. अवघडल्यासारखं वाटलं तरी विचाराच.

आता टिकचं. जिथे आयुष्य बदलायची तुमची दोघांचीही तयारी आहे तिथेच करा. नसेल तर रकाना मोकळा ठेवा, त्यात पाप नाही, पाप आहे ते आपण चांगले दिसावं म्हणून टिक करून त्याची किंमत मुलाला मोजायला लावणं.

प्रश्न : आमची मुलगी चार वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात घरी येईल. तिचं नाव बदलून आपलं ठेवावं का? आणि तिची भाषा आम्ही शिकण्यात अर्थ आहे का, लहान आहे, विसरेलच ना?

उत्तर : नाव ठेवा तेच. चार वर्षांची पोर त्या नावाला ओ देते, तिच्याजवळ तिचं म्हणून तेवढंच असतं. तुमचं नाव हवं तर जोडीला द्या.

भाषा विसरेल, हो. ३ ते ८ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्यांचा एक अभ्यास २००३मध्ये आला, मोठेपणी त्यांना बाकीच्या भाषांमधून कोरियन वाक्य कुठलं तेही ओळखता येईना. पण २०१४मध्ये माँट्रियलमधल्या मुली तपासल्या, चीनमधून अगदी लहानपणी आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या, आणि चिनी बोलण्यातले अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार ऐकवल्यावर त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच वागला. म्हणजे आत काहीतरी राहतं. तुम्ही मात्र आत्ताच शंभरेक शब्द शिका, दुखतंय, भूक लागली, शू, भीती वाटते, मी इथेच आहे. पहिल्या रात्री उपयोगी पडतील.

आणि ती येताना अंगावर जो फ्रॉक असेल, हातात जी चिंधी किंवा बाहुली असेल, ती मळकी दिसली तरी लगेच धुवायला टाकू नका, तिच्या ओळखीचा वास तेवढ्यातच उरलेला असतो.