पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेव

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझा कुवेतचा व्हिसा आला आणि पुढच्या आठवड्यात विमान आहे, असं तुझ्या आईनं सकाळी फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. कुळथाचं पीठ, सांडगी मिरची, औषधं यांची काळजी ती घेईलच. मी लिहितोय ते वेगळ्या तयारीबद्दल. ती मला कुणी सांगितली नव्हती.

2 ऑगस्ट 1990 ला इराकी रणगाडे कुवेत शहरात शिरले, तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. आमचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचा. सगळ्यांचाच असायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिजोरीची किल्ली कंपनीच्या मंदूबकडे, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं बघणाऱ्या माणसाकडे होती आणि तो उन्हाळ्याच्या सुट्टीवर देशाबाहेर गेला होता. चार दिवस मी ऑफिसच्या बंद दारासमोर जाऊन उभा राहायचो. काचेतून ती करडी तिजोरी दिसायची. माझं नाव, माझा फोटो, घरी परतायचा माझा हक्क तिच्यात बंद होता आणि मी बाहेर.

शेवटी एम्बसीकडून प्रवासाचा एक कागद मिळाला. तो मिळाला याचं कारण माझ्याकडे पासपोर्टची झेरॉक्स होती. निघताना वडिलांनी ती जबरदस्तीनं बॅगेच्या तळाशी घालायला लावली होती. शेजारच्या रूममधल्या एका मुलाकडे काहीच नव्हतं. तो भारतीय आहे हे पटवून द्यायला त्याला दहा दिवस जास्त लागले.

म्हणून पहिली गोष्ट, पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. कुवेतच्या कायद्यानंही मालकाला तो अडकवून ठेवता येत नाही. अकाम्याच्या, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याच्या कामासाठी मागितला तर दे, पण कुणाला दिला, कधी दिला ते लिहून ठेव आणि काम झालं की परत माग. मागायला लाजू नकोस. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र, बताका (तिथलं ओळखपत्र) यांचे फोटो फोनमध्ये ठेव, तेच आईच्या फोनमध्येही ठेव आणि एक झेरॉक्स संच कपड्यांच्या बॅगेत वेगळा राहू दे. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात भारतीय एम्बसीकडे नाव नोंदव. हे सगळे टाळतात, ‘काही होणार नाही’ म्हणतात. 1990 मध्ये कुवेतच्या साल्मिया भागात आपल्याच लोकांनी समित्या करून भागाभागाच्या याद्या केल्या, त्या याद्यांवरून बस लागल्या. बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवरचं वाळवंट, तिथे तंबू, पाण्यासाठी रांगा, आणि शेवटी अम्मानहून एअर इंडियाचं विमान. दोन महिन्यांत 1,70,000 च्या आसपास भारतीय असे घरी आले. माझं नाव यादीत होतं म्हणून मी लवकर निघालो. तू तिथे आहेस हेच कुणाला माहीत नसेल, तर तुला शोधायला कोण येईल?

पैशाचं थोडक्यात सांगतो. आमचे दिनार बँकेत अडकले. हातात होते त्यांची किंमत इराकनं आधी इराकी दिनाराइतकी केली आणि मग ते चलनातूनच काढले. महिन्याचा पगार आला की घरी पाठवायचा तो पाठव, पण विमानाच्या तिकिटाएवढी रक्कम भारतातल्या खात्यात कायम राहू दे. तिला हात लावायचा नाही, बहिणीच्या लग्नालासुद्धा नाही.

पण खरं सांगू? युद्ध कधीतरी होतं. आग कधीही लागते. तुझी रूम मंगाफला आहे असं आई म्हणाली, आणि माझ्या पोटात कालवलं. 12 जून 2024 ला पहाटे तिथेच कामगारांच्या इमारतीला आग लागली. दोनशेच्या आसपास माणसं आत होती, बहुतेक झोपेत. पन्नासच्या घरात गेली, त्यात बहुतेक आपली. ज्वाळांपेक्षा धुरानंच जास्त माणसं मारली. म्हणून रूमवर पोचलास की सामान उघडायच्या आधी दोन्ही जिने चालून बघ. गच्चीचं दार उघडतं का बघ. कुलूप असेल तर किल्ली कुठे असते ते विचार. पलंगापासून दारापर्यंत अंधारात हात लावत एकदा जाऊन बघ. धुरात डोळे उघडत नाहीत, पावलांना वाट माहीत हवी. एकाच प्लगवर चार चार्जर आणि वर शेगडी, असं कुणी करत असेल तर मोठ्यानं बोल. आणि 112 हा नंबर पाठ असू दे.

मालकानं पगार अडवला, आजारपण आलं, पासपोर्ट हरवला, तर एम्बसीला सांग, भारत सरकारच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाक. अडकलेल्यांसाठी एम्बसीकडे 2009 पासून कल्याण निधी आहे, त्यातून परतीचं तिकीटही निघू शकतं. पासपोर्ट नसेल तर भारतात परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. आमच्या वेळी असं पोर्टल नव्हतं, असा निधी नव्हता, तुला आहे, तर वापर.

एक राहिलंच. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई दिली. कुवेत सोडावं लागलं एवढ्याच कारणासाठी एकट्या माणसाला 4,000 डॉलरपर्यंत मिळत होते, पण त्या काळात आपण तिथून निघालो याचा पुरावा लागायचा. एम्बसीच्या त्या कागदावर जॉर्डनचा शिक्का होता. तो चुरगळलेला, घामानं पिवळा पडलेला कागद मी वडिलांच्या पेटीत जपून ठेवला होता. त्या पैशातून आपल्या घरावर कौलं बदलून स्लॅब पडला.

रविवारी संध्याकाळी ये. येताना पासपोर्ट, करारपत्र आणि चार फोटो घेऊन ये, कोपऱ्यावरच्या दुकानात दोन-दोन झेरॉक्स काढू. पाणी न शिरणारी एक प्लास्टिकची पिशवी मी आणून ठेवली आहे.

तुझा,
काका