वडिलांनी मुलाविरुद्ध निर्वाह भत्त्याचा अर्ज करावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबा ७१ वर्षांचे आहेत. आई गेल्यावर त्यांनी राहतं घर बक्षीसपत्राने भावाच्या नावावर केलं आणि आता भाऊ औषधालाही पैसे देत नाही. बाबा म्हणतात, "पोटच्या पोरावर केस केली तर गाव काय म्हणेल?" अर्ज करावा का, तुमचं लग्न झालंय तरी तुमच्यावर जबाबदारी येते का आणि कायद्याने माया मिळते का, असे तुमचे तीन प्रश्न.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. माया नाही मिळत. पण ठरल्या तारखेला औषधाचे पैसे मिळतात आणि त्यासाठी रोज कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मी प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत, अव्वल कारकून होतो. निवृत्तीआधीची सहा वर्षं ज्येष्ठ नागरिकांची प्रकरणं माझ्याच टेबलावर होती. तेवढं बघून सांगतो, अर्ज करा.

एका सुनावणीत मुलगा म्हणाला, "साहेब, दोन वेळ जेवायला घालतो की मी." म्हातारे गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एक काडी तुटलेली, तिथे शिवणाचा काळा दोरा गुंडाळलेला. चार महिने ते तसेच वावरत होते, कारण काडीसाठी सुनेकडे पैसे मागायचे तर आधी दहा गोष्टी ऐकाव्या लागत. प्रांतसाहेबांनी त्यांना महिना चार हजार रुपये मंजूर केले, बँकेत जमा होतील असे. पुढे ते एकदा पासबुक दाखवायला आले, तेव्हा चष्मा नवा होता.

कायदा आहे २००७ चा, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून ज्यांचं भागत नाही असे आई-वडील सज्ञान मुलाकडे, मुलीकडे, नातवंडांकडेही निर्वाह भत्ता मागू शकतात. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा. वडील राहतात त्या जिल्ह्यात चालतो, मुलगा राहतो तिथेही चालतो. म्हणजे बाबा सध्या तुमच्याकडे असतील तर तुमच्या जिल्ह्यातूनही करता येईल. त्यांना जमण्यासारखं नसेल तर त्यांनी अधिकार दिल्यावर तुम्ही करू शकता. यात पोलीस नाहीत, आरोपीचा पिंजरा नाही. बहुतेक वेळा आधी समेटाचा प्रयत्न होतो. बाबांना हे नीट समजावून सांगा, कारण 'केस' या शब्दालाच माणसं घाबरतात.

नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा आणि फार तर ३० दिवस वाढवावेत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आमच्याकडे जास्त वेळ जायचा. निवडणुका लागल्या की तारखा पुढे जात, आणि आजारी माणसाला पुढची तारीख सांगताना मला लाज वाटायची. म्हणून अर्जातच अंतरिम भत्ता, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा भत्ता, मागा. तशी तरतूद आहे, पण मागितल्याशिवाय क्वचितच कुणी लक्ष देतं. भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. आजच्या दवाखान्याच्या खर्चापुढे ती तुटपुंजी आहे. ती काढून टाकण्याचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, ते मंजूर झालं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

तुमची जबाबदारी? हो, येते. लग्न झालेल्या मुलीनेही वडिलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच आपल्या राज्यातल्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सांगितलंय. शिवाय ज्याच्यावर अर्ज होतो तो दुसऱ्या भावंडांना त्यात ओढू शकतो, त्यामुळे भाऊ तुमचं नाव पुढे करील हे धरूनच चाला. तुम्ही बाबांसाठी आजवर जो खर्च केलात त्याच्या पावत्या, औषधाची बिलं, पैसे पाठवल्याच्या नोंदी आत्तापासून एका फाईलला लावा.

आता घराचं. याच कायद्याचं कलम २३ असं आहे की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. गाडी अडते ती अटीवर. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितलं. तिथे मुलगा सांभाळ करतो असा उल्लेख बक्षीसपत्रातच होता आणि मुलाचं एक वचनपत्रही पुढे आलं होतं. म्हणून दुय्यम निबंधकाकडून तुमच्या बक्षीसपत्राची नक्कल काढा आणि शब्द न् शब्द वाचा. 'प्रेमापोटी देत आहे' एवढंच असेल तर काम अवघड आहे. 'सांभाळ', 'सेवा', 'देखभाल' असं काही असेल तर त्या ओळीखाली रेघ मारून नक्कल अर्जाला जोडा.

एक गोष्ट मला अजून टोचते. एक आजी सुनावणीच्या दिवशीच अर्ज मागे घ्यायला आल्या. मुलगा शेजारी उभा होता. 'आपसात मिटले' असं लिहिलेल्या कागदावर मीच त्यांचा अंगठा घेतला. तीन महिन्यांनी त्या परत आल्या, तेव्हा हातात एक पिशवी होती आणि मुलाने काय कबूल केलं होतं याचा लेखी पुरावा काहीच नव्हता. मी तेव्हा त्यांना थांबवायला हवं होतं. तुमचा भाऊ तडजोडीला तयार झाला तर आनंदच आहे, पण रक्कम, तारीख आणि खातं आदेशात लिहून घ्या. आदेश असताना पैसे थकले तर वसुलीचं वॉरंट निघतं, तरीही दिले नाहीत तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. दिवाळीपर्यंत वाट बघू, असं करू नका.

अर्ज टाईप झाला की सही घेण्याआधी बाबांना तो मोठ्याने वाचून दाखवा. एखादं वाक्य त्यांना नको असेल तर काढा. आत साहेब त्यांनाच विचारतात, "हे तुम्ही लिहिलंय का?"