पाळी बंद होऊन वर्ष झालं, अंगातून वाफा येतात. हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का?

ताई, सोलापूरच्या मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येतो. पण पंख्याखालीही छातीतून मानेवर वाफ चढत असेल, रात्री चादर लाथाडून उठावं लागत असेल, तर ते उन्हाचं नव्हे. वाफांवर इस्ट्रोजेनइतकं, म्हणजे पाळी गेल्यावर शरीरात कमी होणाऱ्या हार्मोनइतकं, गुणकारी औषध दुसरं नाही. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच, नाहीतर अस्तर जाड होऊन कॅन्सरचा धोका वाढतो. साठीच्या आत सुरू केलेलं बरं. २००२ च्या अमेरिकी अभ्यासाने या गोळ्यांबद्दल सगळ्यांना घाबरवलं, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३, म्हणजे साठीच्या पुढचं होतं! स्तनाचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गाठ होऊन गेली असेल, तर मात्र डॉक्टर बहुधा नकोच म्हणतील. आणि जावेची गोळी उचलून घेऊ नका.