स्ट्रिंग थिअरी संपली का? हाय एनर्जी थिअरीत सध्या काय चाललंय

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात टी.वाय.बी.एस्सी. फिजिक्स करतोयस, पुढे थिअरीत पीएच.डी. करायची आहे. पण यूट्यूबवर जो तो ‘स्ट्रिंग थिअरी मेली’ म्हणतोय आणि घरचे डेटा सायन्सचा कोर्स कर म्हणतायत. तर या क्षेत्रात सध्या नेमकं काय चालतं, आणि त्यात शिरण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. हाय एनर्जी थिअरी म्हणजे निसर्गाचे सगळ्यात मूलभूत नियम शोधणारं सैद्धांतिक भौतिकशास्त्र, आणि मूलकण म्हणजे कंप पावणारे सूक्ष्म तंतू असं मानणारी स्ट्रिंग थिअरी ही त्यातली एक शाखा. मी याच विषयात पीएच.डी. केली, आता नवी मुंबईत एम.एस्सी.च्या मुलांना शिकवते आणि नवे पेपर वाचणं अजून सुटलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सवय लावून घे. अर्काइव्ह नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. 1991 मध्ये ते सुरू झालं तेच मुळी हाय एनर्जी थिअरीच्या पेपरांसाठी. त्यातल्या ‘एचईपी-टीएच’ (हाय एनर्जी थिअरीच्या) विभागाची नवी यादी आपल्याकडे सोमवार ते शुक्रवार पहाटे 5:30 ला लागते, अमेरिकेतल्या हिवाळ्यात 6:30 ला. कॉलेजला जाताना लोकलमध्ये रोज नुसती शीर्षकं आणि सारांश वाच. पहिला महिना काही कळणार नाही, हरकत नाही. एवढं मात्र दिसेल की ‘विश्वाचं अंतिम समीकरण’ वगैरे कोणी लिहीत नाही. कृष्णविवरांची एन्ट्रॉपी (ढोबळमानाने, आपल्याला नसलेल्या माहितीचं माप), एन्टँगलमेंट (कणांमधलं क्वांटम नातं), सममिती, होलोग्राफी हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. स्ट्रिंगवाले कुठे गेले नाहीत. त्यांनी घडवलेली हत्यारं आता दुसऱ्या प्रश्नांवर चालतायत, आणि व्हिडिओवाल्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी घडामोड कृष्णविवरांच्या माहितीच्या कोड्यात, म्हणजे आत पडलेल्या गोष्टींची माहिती कायमची नाहीशी होते का या प्रश्नात, झाली. 1974-75 मध्ये हॉकिंगने दाखवलं की कृष्णविवरातून प्रारण बाहेर पडतं आणि ते हळूहळू आटत जातं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान जेमतेम 6×10⁻⁸ केल्व्हिन येतं, म्हणजे मोजण्याचा प्रश्नच नाही. अडचण तत्त्वाची आहे. हॉकिंगच्या गणितात बाहेर पडणाऱ्या प्रारणाची एन्ट्रॉपी शेवटपर्यंत वाढतच राहते. क्वांटम मेकॅनिक्स खरं असेल तर सगळं आटून गेल्यावर ती पुन्हा शून्यावर यायला हवी. डॉन पेजने 1993 मध्ये सांगितलं की आलेख आधी चढेल, साधारण मध्यावर वळेल आणि उतरेल.

हा वळणारा आलेख तू आज रात्री स्वतः काढू शकतोस. 10 क्यूबिटची (क्यूबिट म्हणजे क्वांटम बिट) यादृच्छिक अवस्था घे. म्हणजे पायथनमध्ये 1024 कॉम्प्लेक्स संख्या गॉसियन वितरणातून उचलायच्या आणि सदिशाची लांबी 1 करायची. आता त्यातले k क्यूबिट म्हणजे बाहेर आलेलं प्रारण आणि उरलेले म्हणजे कृष्णविवर असं धर. सदिशाची 2ᵏ ओळी आणि 2¹⁰⁻ᵏ स्तंभांची मॅट्रिक्स कर, तिच्या सिंग्युलर व्हॅल्यू काढ, त्यांचे वर्ग म्हणजे p, आणि −p ln p ची बेरीज म्हणजे एन्ट्रॉपी. k = 1 ला सुमारे 0.69 येईल, म्हणजे जवळजवळ ln 2. k = 2 ला 1.38. असं चढत k = 5 ला सुमारे 2.97 येतं, आणि k = 6 पासून तोच आलेख आरशात बघावा तसा खाली उतरतो. k = 5 जवळ थांबून विचार कर. सरळ रेषेने तिथे 3.47 यायला हवे होते, आले 0.5 ने कमी. पेजच्या सूत्रात हा अर्धा नेमका बसतो. एवढं स्वतःच्या हाताने केलंस की 2019 चे पेपर वाचताना आपण काय शोधतोय हे तुला पक्कं ठाऊक असेल.

2019 मध्ये पेनिंग्टनने एकीकडे, आणि आल्महेरी, एंगलहार्ट, मॅरॉल्फ व मॅक्सफील्ड या चौघांनी दुसरीकडे, हा उतरता भाग थेट गुरुत्वाकर्षणाच्या गणितातून काढला. प्रारणाची एन्ट्रॉपी मोजताना एका टप्प्यानंतर कृष्णविवराच्या आतला एक भागही प्रारणाच्या खात्यात धरावा लागतो. त्याला ‘आयलंड’ म्हणतात. हे ऐकायला विचित्र वाटतं, आणि आहेच. एन्ट्रॉपीचा आकडा बरोबर आला, पण माहिती बाहेर नेमकी कशी येते हे त्या सूत्रातून दिसत नाही. घोडं अडलंय ते इथे. बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेतले सुव्रत राजू आणि त्यांचे सहकारी तर म्हणतात की क्वांटम गुरुत्वाकर्षणात आतली माहिती मुळात बाहेरच्या सीमेवरही उपलब्ध असते, त्यामुळे ‘ती बाहेर कशी आली’ हा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने मांडायला हवा. मला हा वाद फार मोलाचा वाटतो, आणि त्यातली एक बाजू आपल्याच देशात लढवली जातेय.

या सगळ्याचा पाया म्हणजे होलोग्राफी. 1997 मध्ये माल्दासेनाने मांडलं की एका विशिष्ट वक्र अवकाशातलं गुरुत्वाकर्षण आणि त्याच्या सीमेवरचा गुरुत्वाकर्षण नसलेला क्वांटम सिद्धांत हे एकच. 2006 मध्ये रियू आणि ताकायानागी यांनी सीमेवरचं एन्टँगलमेंट हे आतल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतं असं सूत्र दिलं. तिथून ‘अवकाश एन्टँगलमेंटमधूनच उभं राहतं का’ हा प्रश्न गंभीरपणे घेतला जाऊ लागला. आपल्या टीआयएफआरचा (कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) यातला वाटा मोठा आहे. शिराझ मिनवाला, सायंतनी भट्टाचार्य आणि इतरांनी 2007 च्या अखेरीस दाखवलं की कृष्णविवराच्या क्षितिजाची समीकरणं योग्य मर्यादेत द्रवाच्या प्रवाहाची समीकरणं होतात. कुलाब्याला जाशील तेव्हा हे लक्षात असू दे.

सममितीबद्दल थोडं. 2014 मध्ये गायोटो, कापुस्टिन, सायबर्ग आणि विलेट यांनी सममितीची व्याख्याच रुंदावली. आता सममिती बिंदूंवरच्या कणांप्रमाणे रेषांवर आणि पृष्ठभागांवरही काम करते, आणि काही सममितींना उलट क्रियाच नसते. 1941 पासून माहीत असलेली, आयझिंग मॉडेलमधली (चुंबकाच्या सोप्या गणिती रूपातली), गरम आणि थंड अवस्था जोडणारी क्रेमर्स-वॅनियर द्वैतता हे त्याचं साधं उदाहरण आहे. ग्रुप थिअरी आवडत असेल तर इथे शिरायला फारशी जुनी शिदोरी लागत नाही. नव्या मुलांना मी हल्ली हाच रस्ता सुचवते.

बूटस्ट्रॅप नावाच्या पद्धतीत सिद्धांताचं समीकरण न लिहिता फक्त सुसंगतीच्या अटींवरून उत्तरं काढतात. त्रिमितीय आयझिंग मॉडेलचा एक घातांक यातून 0.5181489 इतका काटेकोर मिळाला. पाण्याच्या क्रांतिक बिंदूजवळ (जिथे द्रव आणि वाफ यांतला फरक संपतो) काय घडतं तेही हाच आकडा ठरवतो. कणांच्या टकरींची गणितं करणारे लोक तर आता तीच तंत्रं फिरणाऱ्या कृष्णविवरांच्या जोड्यांना लावतायत, कारण गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्यांना तेवढी अचूकता हवी आहे. अशोक सेन आणि आलोक लढ्ढा यांचे सॉफ्ट थिअरम (अतिशय कमी ऊर्जेच्या लहरींबद्दलचे नियम) त्याच वाटेवरचे. अशा लहरी टिपणारं लायगो-इंडिया आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळ उभं राहतंय, त्यामुळे हे काम इथल्या मुलांच्या अगदी जवळ येणार आहे.

गणिताकडे ओढा असेल तर आणखी एक. रामानुजनने 1920 मध्ये हार्डीला पाठवलेल्या शेवटच्या पत्रातली मॉक थीटा फंक्शन्स कृष्णविवरांच्या अवस्था मोजताना उगवली. ते 2012 चं काम अतीश दाभोलकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिअर यांचं. दाभोलकर मूळचे गडहिंग्लजचे, 2019 मध्ये इटलीतल्या आयसीटीपी या भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

आता टीकाकारांच्या बाजूचं. 2012 मध्ये हिग्ज कण सापडला, पण त्यासोबत अपेक्षित असलेले सुपरसिमेट्रीचे कण (ज्ञात कणांचे अपेक्षित जोडीदार) एलएचसी या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रात दिसले नाहीत. म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावाच्या) चुंबकत्वातली गाजलेली तफावतही 2025 पर्यंत विरली, कारण लॅटिसच्या (अवकाशाची जाळी मानून संगणकावर केलेल्या) गणितांनी सिद्धांताचाच आकडा सरकवला. स्ट्रिंग थिअरीचं एकही भाकीत प्रयोगाने पडताळलेलं नाही, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. प्रसरणाचा वेग वाढत असलेलं आपल्यासारखं विश्व त्यात बसतं का, यावरही एकमत नाही. 2003 मध्ये टीआयएफआरचे संदीप त्रिवेदी आणि तीन सहकाऱ्यांनी ते कसं बसवता येईल हे दाखवलं. 2018 मध्ये वाफा आणि इतरांनी असं विश्व बसूच शकत नाही असा तर्क मांडला. त्यातच डार्क एनर्जी (प्रसरणाचा वेग वाढवणारी ऊर्जा) काळानुसार बदलत असावी असे इशारे आकाशगंगांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या 2024-25 च्या निकालांत मिळालेत. शोध म्हणण्याइतके ते पक्के नाहीत, पण सिद्धांतवाल्यांची झोप उडवायला पुरेसे आहेत. प्रयोगाशी रोजचा संबंध हवा असेल तर न्यूट्रिनो, डार्क मॅटर आणि विश्वशास्त्राकडे वळ. तिथे आकडे येतायत.

घरच्यांना मात्र क्वांटमचा रस्ता दाखव. 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सुमारे 6,000 कोटींची तरतूद आहे, आणि सेन्सिंगचं (सूक्ष्म मोजमापांचं) केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. वर दिलेलं 10 क्यूबिटचं गणित तिथेही जसंच्या तसं उपयोगी पडतं. बातम्यांना मात्र भुलू नकोस. 2022 मध्ये ‘प्रयोगशाळेत वर्महोल (अवकाशातला बोगदा) तयार केलं’ असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात ते 9 क्यूबिटवर चालवलेलं, फार सोपं करून घेतलेलं मॉडेल होतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. जेआरएफ (पीएच.डी.ची विद्यावृत्ती) दरमहा 37,000 रुपये आहे, त्यात पीएच.डी. निभते. कायमच्या जागा थोड्या असतात, त्याआधी दोन-तीन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकऱ्या), बहुधा परदेशात, करावे लागतात. पण या विषयात पीएच.डी. केलेल्या मुलाला डेटा सायन्सचा दरवाजा बंद होत नाही. उलट्या दिशेने येणं फार अवघड. आई-बाबांशी बोलताना हा मुद्दा पुढे कर.

ठाण्यातून करण्यासारखं पहिलं काम म्हणजे मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. ट्रान्स-हार्बरने वाशी, तिथून सीएसएमटीची गाडी, खाडी ओलांडली की पहिलंच स्टेशन. त्यांचा ‘नियस’ उपक्रम बी.एस्सी.च्या मुलांसाठीच आहे, पण तिसऱ्या वर्षाला घेतात का ते आधी विचार. पुढच्या उन्हाळ्यासाठी टीआयएफआरच्या व्हीएसआरपी या उन्हाळी संशोधन कार्यक्रमाला अर्ज कर. अभ्यासात लिनिअर अल्जिब्रा आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स यांत कच्चा राहू नकोस. क्वांटम फील्ड थिअरीची घाई वर्षभर लांबणीवर टाकलीस तरी चालेल.

एम.एस्सी. मुंबई विद्यापीठात की थेट इंटिग्रेटेड पीएच.डी., हाही तुझा प्रश्न होता. दोन्ही वाटांनी पीएच.डी.ला पोचायची तयारी एकच आहे: जेस्ट (संशोधन संस्थांची सामाईक परीक्षा) आणि टीआयएफआरची प्रवेश परीक्षा. टी.वाय.लाच दोन्ही दे. लागली तर एक पायरी वाचेल, नाही तर एम.एस्सी.ला प्रवेश घे आणि पुन्हा बस. जुने पेपर सोडवताना कुठे अडलास तर प्रश्न इथेच टाक, स्वतः केलेल्या प्रयत्नासकट.