नागपूरकडे पराटी (कपाशी)-सोयाबीनला मजूरच मिळत नाहीत, तुम्ही कसं निभावता?

तुम्ही वडिलांच्या दहा एकरांबद्दल विचारलंय. आमचं वावर बुटीबोरीजवळ, म्हणून हे दुखणं आम्ही जरा आधीच भोगलं. एमआयडीसीची गाडी सकाळी फाट्यावर येते. कारखान्याचा बारमाही पगार सोडून निंदणाला, म्हणजे तण काढायला, कोण येईल? मी असतो तर मीही गेलो असतो.

पण मजूर वर्षभर कमी पडत नाही, नेमका दसरा-दिवाळीत पडतो. सोयाबीन सोंगायला आलेलं, पराटीचा पहिला वेचाही तेव्हाच, आणि साऱ्या गावाला त्याच बाया हव्या. म्हणून आधी ती गर्दी फोडली. अर्ध्या सोयाबीनमध्ये जेएस ३३५ हे वाण, अर्ध्यात जेएस २०-३४. हे दुसरं आठेक दिवस आधी निघतं.

हार्वेस्टर दोन हंगाम लावून पाहिला. वावर झटक्यात मोकळं होतं, पण खालच्या शेंगा तशाच राहतात आणि कुटार, म्हणजे बैलांच्या चाऱ्याचा भुसा, वावरभर उडतं. घरी बैल असणाऱ्याला ते जमत नाही. आता सोंगणी गुत्त्यानं (ठेक्यानं) देतो आणि हडंब्यातून, म्हणजे मळणी यंत्रातून, काढतो. बियाण्याच्या ढिगाला मात्र ड्रमचे फेरे मिनिटाला ३५०-४०० वर आणायला लावतो. वेळ जातो म्हणून हडंबेवाला कुरकुरतो. कुरकुरू द्या. जोरात काढलेलं बी फुटतं आणि जूनमध्ये उगवत नाही. एकदा दुबार पेरणी करून बसलोय.

पराटीचं अवघड. बोंडं एका वेळी फुटत नाहीत, म्हणून वेचणी हातानंच, किलोच्या भावानं. दवात वेचलेला कापूस काट्यावर जड भरतो, हे बायांनाही ठाऊक आणि आमच्या आईलाही. ती सकाळी नऊच्या आधी कोणाला पराटीच्या ओळीत शिरू देत नाही. त्याबदल्यात ऑटोचं भाडं आमच्याकडे. हिशेब रोज संध्याकाळी, धुऱ्यावरच (बांधावरच). शेजारी किलोमागे रुपया जास्त देतो, पण 'शनिवारी बघू' म्हणतो. त्याचा कापूस मार्गशीर्षातही झाडावर लोंबत असतो. आमच्या आठ जणी चार वर्षांपासून त्याच आहेत.

निंदणाला तणनाशक आहे, पण त्यासाठी चोरबीटी, म्हणजे तणनाशक सोसणारं, चोरून विकलं जाणारं कपाशीचं बियाणं, घेऊ नका. त्याला मंजुरीच नाही, बिल मिळत नाही, फसलात तर तक्रार कुठं करणार?

एवढं करूनही पराटी सहा एकरांवरून अडीचवर आणली, बाकी तूर. बैलजोडी विकली नाही. पराटी कमरेएवढी झाली की ट्रॅक्टर आत शिरत नाही, बैलांचा डवरा (कोळपं) शिरतो.