डब्याचे स्टर्लिंग इंजिन: सुरुवातीला एवढेच पाहा

घरी स्टर्लिंग इंजिन बनवण्याच्या पहिल्या प्रयत्नासाठी तुम्ही पत्र्याचा डबा, फुगा आणि मेणबत्ती निवडली असेल, तर उत्तम केलेत. रॉबर्ट स्टर्लिंग यांनी 1816 मध्ये पेटंट घेतलेल्या या इंजिनात तीच हवा आतल्या आत तापून प्रसरण पावते, थंड होऊन आकुंचन पावते आणि तेवढ्यावरच चाक फिरते. ही शक्ती अत्यल्प असल्यामुळे फुगा (हवेच्या दाबाने हलून चाक ढकलणारा पडदा) बसवण्यापूर्वी चाक एका टिचकीने बरेच फेरे फिरते का, हे आधी पाहा. ते अडखळत असेल, तर आच वाढवून काहीही साधणार नाही.

बहुतेक नवशिके आतला विस्थापक डब्यात घट्ट बसवतात. तो दट्ट्या नव्हे. हवा खालीवर सरकवणे एवढेच त्याचे काम असल्याने त्याच्याभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा हवीच. भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा हलका गोळा त्यासाठी पुरतो. थर्मोकोल मात्र आचेने वितळतो.

विस्थापकाचा आणि फुग्याचा क्रँक (चाकाच्या आसाला दिलेला वाक) परस्परांशी 90 अंशांत ठेवा, फुगा ताणू नका आणि डब्याच्या झाकणावर गार पाणी राहील अशी सोय करा. सांध्यांना साबणाचे पाणी लावून फुगा हलकेच दाबल्यास गळती बुडबुड्यांवरून कळते.

तळ नीट तापल्यावर चाकाला दोन्ही दिशांनी धक्का देऊन पाहा, कारण इंजिन एकाच दिशेने चालते. जनित्र जोडून वीज मिळवण्याचा विचार असेल, तर तो तूर्त बाजूला ठेवा.